एकतीस पिशव्या

चवथीच्या आधीचा रविवार म्हणजे आमच्या घरी साफसफाईचा. माटोळीचा सांगाडा खाली काढायचा, पितळेच्या समया चिंच लावून घासायच्या, कोळिष्टकं झाडायची. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला जिन्याखालचं कपाट आलं. हे कपाट म्हणजे आमच्या घराचं रेकॉर्ड रूम. जे टाकवत नाही आणि लागतही नाही, ते सगळं तिथे.

तिथे मला पिशव्यांचा एक गठ्ठा सापडला. मोजल्या तर एकतीस भरल्या. सगळ्या कापडी. कुठल्यावर सोनाराचं नाव, कुठल्यावर साहित्य संमेलनाचं, कुठल्यावर बँकेचं. बहुतेकांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्यातल्या सहा पिशव्यांवर हिरव्या शाईत पृथ्वीचा गोल आणि तो अलगद धरणारे दोन हात. त्या सहा मात्र माझ्या चांगल्याच ओळखीच्या निघाल्या, कारण त्यांची फाईल मीच चालवली होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या खात्याने पर्यावरण जागृतीचा कार्यक्रम केला होता. येणाऱ्यांना प्लास्टिकऐवजी कापडी पिशवी द्यावी, ही कल्पना माझीच. टिपण मी लिहिलं, तीन कोटेशनं मी मागवली, पाचशे पिशव्या घेतल्या. साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. उरलेल्या पिशव्या पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांत पुन्हा वाटल्या गेल्या. आम्हा कर्मचाऱ्यांना दर वेळी एकेक-दोन मिळत गेल्या. माझ्या सहा अशा जमल्या.

आई व्हसरीवर बसून नारळाच्या हिरांची केरसुणी बांधत होती. तिने गठ्ठा पाहिला आणि म्हणाली, "इतल्यो पोत्यो? आनी बाजाराक वतना तुका पोती मेळना!"

मी हसण्यावारी नेलं. पण माझी मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते, तिने हसू दिलं नाही. "बाबा, ह्यातली एकेक पिशवी तू किती वेळा वापरलीस?"

मी म्हटलं, "वापर सोड, पण कापडी तर आहेत ना? प्लास्टिकपेक्षा बऱ्या."

"किती वेळा वापरल्या तर बऱ्या, ते विचारतेय मी."

हा प्रश्न मला माझ्या सगळ्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. फाईल चालवताना मी दर विचारला, आकार विचारला, डिलिव्हरीची तारीख विचारली. पिशवी पुढे काय करणार, हे विचारायला आमच्या फॉर्मात रकानाच नाही.

तिने त्या दिवशी मला जी गोष्ट सांगितली तिचं नाव लाइफ सायकल असेसमेंट, मराठीत जीवनचक्र मूल्यांकन. नाव जड आहे. पण आम्हा कारकुनांना ती पटकन समजावी अशी आहे. आमच्याकडे फाईल येते तेव्हा तिला इनवर्ड नंबर पडतो. मग ती कुठल्या टेबलावर कधी गेली, कुणी काय शेरा मारला, किती दिवस अडली आणि शेवटी रेकॉर्डला गेली की रद्दीत, हे सगळं नोंदलेलं असतं. तशीच एखाद्या वस्तूची फाईल काढायची. कच्चा माल कुठून आला, कारखान्यात तिच्यावर काय काय झालं, ट्रकने किती फिरली, घरात किती वापरली, शेवटी कुठे गेली. आणि दर टेबलावर दोन नोंदी करायच्या: आत काय गेलं आणि बाहेर काय आलं. आत गेलं म्हणजे पाणी, वीज, तेल, खनिजं. बाहेर आलं म्हणजे धूर, सांडपाणी, कचरा.

याला आंतरराष्ट्रीय नियमसुद्धा आहेत. आयएसओ १४०४० हे मानक १९९७ साली आलं आणि २००६ साली सुधारलं गेलं. त्यात चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी हेतू आणि हद्द ठरवायची, मग नोंदी गोळा करायच्या, मग त्या नोंदींचा हवामानावर, पाण्यावर, मातीवर काय परिणाम होतो ते काढायचं आणि शेवटी त्या सगळ्याचा अर्थ लावायचा. तुलना करताना मात्र एक पथ्य पाळायचं. वस्तूची वस्तूशी तुलना करायची नाही, कामाची कामाशी करायची. एक कापडी पिशवी आणि एक प्लास्टिकची पिशवी समोरासमोर ठेवून काही कळत नाही. महिन्याचा बाजार घरी आणायचा, तर कुठली किती लागेल, असा हिशेब मांडायचा.

हा हिशेब इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मांडला आहे. सुपरमार्केटात मिळणारी पातळ प्लास्टिकची पिशवी एकदा वापरून टाकली असं धरलं, तर तापमानवाढीच्या बाबतीत तिच्याशी बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा वापरावी लागते आणि सुती पिशवी १३१ वेळा. तीच प्लास्टिकची पिशवी घरी नेऊन कचऱ्याच्या डब्यात घातली, म्हणजे तिचा दुसरा उपयोग केला, तर सुती पिशवीचा आकडा ३२७ वर जातो.

मला पहिल्यांदा हे पटेना. पण विचार केला तर कारण साधं आहे. पातळ पिशवी आठेक ग्रॅमची. कापडी पिशवी तिच्या कितीतरी पट जड. कापूस म्हणजे शेत आलं, पाणी आलं, खत आलं, फवारणी आली. मग सूत कातणं, विणणं, धुणं, रंगवणं, शिवणं, आणि त्यावर पृथ्वीचा गोल छापणं. हे सगळं पिशवी दुकानात येण्याआधीच होऊन चुकलेलं असतं. तिचं पाप तिच्या जन्मातच आहे. ते फिटायचं तर जन्मभर राबायला हवं.

आठवड्यातून एकदा बाजार धरला तर १३१ वेळा म्हणजे अडीच वर्षं. माझ्या एकतीस पिशव्यांना साऱ्यांनाच न्याय द्यायचा, तर मला अठ्ठ्याहत्तर वर्षं बाजार करावा लागेल. मी चाळिशी ओलांडलेला माणूस. आकडा ऐकून आईसुद्धा केरसुणी बाजूला ठेवून हसली.

आता इथे थोडं थांबायला हवं, नाही तर कुणी हा लेख वाचून प्लास्टिकच्या पिशव्या घ्यायला निघेल.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली असाच अभ्यास केला. त्यात सुती पिशवीचा आकडा हवामानापुरता पाहिला तर ५२ वेळा आहे. पण पाणी, माती, ओझोनचा थर अशी सगळी खाती एकत्र धरली आणि त्यातलं जे सर्वांत वाईट ते मोजलं, तर तो ७१०० वर जातो. पिशवी तीच, काम तेच, आणि एका प्रश्नाला ५२, दुसऱ्याला ७१००. वर्तमानपत्रं अर्थातच मोठा आकडा उचलतात. तेव्हा असा आकडा कानावर आला की आधी विचारावं, हा कुठल्या प्रश्नाचा आकडा आहे आणि हद्द कुठे आखली आहे?

हद्द फार महत्त्वाची. इंग्लंडच्या त्या अभ्यासात रस्त्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा हिशेब धरलेला नव्हता. तिथे बहुतेक पिशव्या डब्यात जातात, डबा खड्ड्यात किंवा भट्टीत जातो. आपल्याकडे पिशवी वाऱ्यावर उडते, गटारात अडकते, गाईच्या पोटात जाते, आणि पहिल्या मोठ्या पावसात नाल्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिक होतं हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. कार्बनच्या तराजूत आठ ग्रॅमची पिशवी हलकी भरते, पण गटाराच्या तोंडाशी ती हलकी राहत नाही. म्हणून बंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की प्लास्टिक वाईट ठरलं म्हणून माझी कपाटातली सुती पिशवी आपोआप चांगली ठरत नाही.

ह्या शास्त्राचा जन्मही मोठा गमतीचा आहे. १९६९ साली कोका-कोला कंपनीला प्रश्न पडला, की काचेच्या बाटलीऐवजी दुसरं काही वापरावं का? त्यांनी अमेरिकेतल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून खनिजापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब करून घेतला. तो अभ्यास पूर्ण स्वरूपात कधी जगापुढे आला नाही. पण जीवनचक्राच्या हिशेबाची सुरुवात त्यालाच मानतात. म्हणजे पर्यावरणवाद्यांच्या हातातलं हे हत्यार मुळात शीतपेयाच्या कारखान्यात घडलं. तेव्हा कुठलाही अहवाल हातात आला तर पैसे कुणी दिले हेही बघावं. आमच्या कचेरीत टिपण कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं ते जसं शेवटच्या टेबलापर्यंत कळतं, तसं.

पण मला खरं आवडलं ते पुढचं. हा हिशेब फक्त बरं-वाईट ठरवायला वापरत नाहीत. वस्तूचं दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यातून कळतं आणि मग नवी वस्तू त्या जागेवर बोट ठेवून घडवता येते. आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तसं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

साबणाचं उदाहरण घ्या. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी कपडे धुण्याची पावडर करते. पर्यावरण म्हटलं की कुणालाही वाटेल, खोका छोटा करा, कागद कमी लावा. पण सगळ्या प्रवासाचा हिशेब केला तेव्हा दिसलं, की सर्वांत जास्त ऊर्जा कारखान्यात जात नाही, गिऱ्हाइकाच्या घरी मशीनमधलं पाणी तापवण्यात जाते. म्हणून त्यांनी थंड पाण्यातही मळ काढेल अशी पावडर केली आणि २००५ साली टाइड कोल्डवॉटर या नावाने अमेरिकेत आणली. आग कुठे आहे ते पाहिलं आणि बंब तिथेच नेला.

आता हीच पावडर आमच्या गावात आणली तर पाणी तापवण्याची वीज वाचेल का? आमच्या घरी कपडे विहिरीच्या थंड पाण्यात धुतात, पूर्वी दगडावर आणि आता मशीनमध्ये. जी वीज कधी खर्चच झाली नाही ती वाचणार कशी? म्हणून दुसऱ्या देशाचा हिशेब उचलून आपल्या वहीत उतरवता येत नाही.

चहाच्या कपाचंही तसंच. कॅनडातल्या मार्टिन हॉकिंग ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९९४ साली काढलं, की ऊर्जेच्या हिशेबात चिनी मातीचा कप कागदी कपाच्या बरोबरीला यायला ३९ वेळा वापरावा लागतो आणि काचेचा ग्लास १५ वेळा. पण त्याच्या हिशेबात कप गरम पाण्याच्या यंत्रात धुतला जातो. आमच्या कचेरीत चहावाला ग्लास थंड पाण्यात विसळतो. म्हणजे आपल्याकडे ग्लास त्याहूनही लवकर जिंकणार. आमच्या सेक्शनात बावीस माणसं, दिवसाला दोन चहा. कामाचे दिवस अडीचशे धरले तरी वर्षाला अकरा हजार कप. आणि कागदी कप नुसता कागदी नसतो, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही.

मला वाटलं होतं की ह्या सगळ्याचा शेवट आईच्या बाजूने होणार. आमच्या आईकडे बाजाराची एक पिशवी आहे, माझ्या वडिलांच्या जुन्या पँटींची तिनेच शिवलेली. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पिशवी त्याच्याही आधीची. आठवड्यातून दोनदा बाजार, म्हणजे गेल्या नऊ वर्षांतच नऊशेच्या वर फेऱ्या झाल्या. कापूस पिकवण्याचं आणि कापड विणण्याचं पाप पँटीच्या खात्यावर केव्हाच पडलेलं, पिशवीच्या नावावर फक्त दोरा. तेव्हा आईने मला विजयी मुद्रेने विचारलं, "मगे? जुनें तें सोनें न्ही?"

पण मुलीने वर फिरणाऱ्या पंख्याकडे बोट दाखवलं. तो पंखाही वडिलांनी आणलेला, अजून छान चालतो, म्हणून आम्ही कधी बदलला नाही. असा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, नवीन बीएलडीसी मोटरचा ३० वॅटच्या आसपास. रोज आठ तास धरले तर वर्षाला सव्वाशेच्या वर युनिटांचा फरक, आणि त्यातली बरीचशी वीज कोळशाची. पंख्याचं दुखणं त्याच्या वापरात आहे, जन्मात नाही. तिथे जपून वापरणं हे पुण्य नव्हे. पिशवीला जो नियम लागतो, तो पंख्याला उलटा लागतो. आई काही बोलली नाही. वडिलांचा पंखा उतरवायचा म्हणजे तिला जड जाणार हे मुलीलाही कळलं, आणि विषय तिथेच राहिला. तो पंखा अजून तिथेच आहे. सगळेच हिशेब युनिटांत होत नाहीत.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये तीच फाईल पुन्हा माझ्या टेबलावर आली. ५ जूनला पर्यावरण दिन, पाचशे कापडी पिशव्या. मी आधी स्टोअरमध्ये जाऊन पाहिलं. मागच्या एकशे चाळीस शिल्लक. मग टिपणात लिहिलं, की शिल्लक साठा आधी वापरावा, नवीन खरेदी करू नये. कारणंही लिहिली, आकड्यांसह. आमच्या खात्यात टिपणं इंग्रजीत लिहितात. मला वाटलं, बरं जमलंय.

फाईल परत आली. साहेबांनी एकच शब्द लिहिला होता, चर्चा करा.

मी गेलो. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे. पण ह्या पिशव्या कोण शिवतं ठाऊक आहे?" मला ठाऊक होतं. बिल मीच पास करून पाठवलं होतं. गावातल्या एका महिला स्वयंसहाय्य गटाचं काम, बारा बायका. जूनच्या आधी आमची ऑर्डर असते, तिच्यावर त्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. साहेब म्हणाले, "ते कुठल्या रकान्यात घातलंत तुम्ही?"

मी गप्प राहिलो. मुलीने दाखवलेल्या सगळ्या तक्त्यांत पाणी होतं, माती होती, ओझोन होता. ह्या बारा बायका नव्हत्या. ह्या हिशेबालाही हद्द आहे, हे मी दुसऱ्यांच्या आकड्यांबद्दल बोलत होतो आणि माझ्या टिपणात विसरलो होतो.

मार्ग निघाला तो खात्याच्या पडद्यांतून. आमच्या इमारतीचे पडदे बदलले तेव्हा जुने गठ्ठे बांधून स्टोअरमध्ये टाकलेले होते, मजबूत जाड कापड. त्यांच्या पिशव्या शिवायला गटाला द्याव्यात, कापडाचे पैसे नाहीत, शिलाई मात्र पूर्ण द्यावी, असं ठरलं. साहेबांनी लगेच मंजुरी दिली. पण सरकारी पडदा असा उचलून देता येत नाही. तो निरुपयोगी ठरवावा लागतो, त्यासाठी समिती बसते, समितीचा अहवाल येतो. ५ जून गेला. कार्यक्रमात जुन्या एकशे चाळीस पिशव्याच वाटल्या, त्या अर्ध्या तासात संपल्या आणि काही लोक नाराज होऊन गेले. पडदे जुलैअखेर सुटले. गटाला काम मिळालं, पण शाळा सुरू झाल्यानंतर. त्यांच्यातली एकजण मला स्पष्टच म्हणाली, "सायबा, फुडल्या वर्सा मात्शे बेगीन करात." तिचं बरोबर आहे. पुढच्या वर्षीची फाईल मी डिसेंबरातच उघडणार आहे.

काचेच्या ग्लासांचं काम मात्र सोपं गेलं. त्याला फाईल लागली नाही, आम्ही वर्गणी काढून दोन डझन आणले. त्यातले चार एव्हाना फुटले आहेत.

पडद्याची एक पिशवी मी पैसे देऊन गटाकडून घेतली. रंग मळकट खाकी, वर काही छापलेलं नाही, पृथ्वीचा गोल नाही की हात नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तिच्यात दोन नारळ, सुरण आणि एक दुधी घालून आणला. आईने बंद ओढून पाहिले, शिवण उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "घट आसा."

जिन्याखालच्या एकतीसपैकी वीस आम्ही चवथीच्या बाजारात ओळखीच्या भाजीवालीकडे ठेवल्या, पिशवी विसरून येणाऱ्या गिऱ्हाइकांना द्यायला. अकरा अजून आहेत. त्यातली एक मी स्कूटरच्या डिकीत टाकली आहे. तिच्यावर तोच पृथ्वीचा गोल आहे. आतापर्यंत चौदा वेळा वापरली. १३१ म्हणजे बराच लांबचा पल्ला, पण मोजायला सुरुवात तर केली आहे.